प्रोजेक्ट सगळ्यांचा, काम कुणाचं?

नवीन प्रोजेक्ट सुरू होणार असला की पहिल्या मीटिंगमध्ये एक प्रश्न हमखास येतो, माणसं किती लागतील? मग कुणी सात म्हणतं, कुणी दहा म्हणतं, शेवटी बजेटमध्ये बसतील तेवढी ठरतात आणि एक्सेल शीटवर नावं चढतात. पण यातलं कुठलं काम चौघांनी एकत्र बसून करायचं आणि कुठलं एकाने शांतपणे एकट्याने करायचं, हे त्या मीटिंगमध्ये कुणी विचारलेलं मी फार कमी वेळा ऐकलंय. मी बरीच वर्षं प्रोजेक्टवर काम करतेय, कधी टीममधली एक म्हणून, कधी टीम सांभाळणारी म्हणून, आणि आता माझं पक्कं मत झालंय की टीमवर्कचे बहुतेक फायदे आणि बहुतेक तोटे त्या न विचारलेल्या प्रश्नापाशीच सुरू होतात.

'गाव करी ते राव न करी' हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि ते खोटं नाहीच. पण गावातल्या प्रत्येकाने पूर्ण जोर लावला तर, हा त्यातला न बोललेला भाग आहे. मॅक्स रिंगेलमान नावाचा एक फ्रेंच कृषी इंजिनिअर होता, त्याने १८८० च्या दशकात माणसांना एकेकट्याने आणि मग गटाने दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला, आणि ते सगळं पुढे १९१३ मध्ये छापलं. माणसं वाढली की एकूण जोर वाढायचा, पण माणशी जोर कमी कमी होत जायचा, त्याच्या तक्त्यात आठ जणांच्या गटात माणशी जोर एकट्याच्या जवळपास निम्म्यावर आलेला दिसतो. यावर कुणीही म्हणेल की आठ जणांचा झटका एकाच वेळी बसत नसेल, कुणाचा आधी कुणाचा नंतर, त्यामुळे ताकद वाया जात असेल. ते कारण आहेच. पण १९७४ मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी हा प्रयोग वेगळ्या पद्धतीने केला, एकाच माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, त्याच्या मागे बाकीचे आहेत असं भासवलं आणि ते मागचे लोक नुसतं ओढल्याचं नाटक करत होते. म्हणजे दोर खरं तर तो एकटाच ओढत होता, ताळमेळ चुकायचा प्रश्नच नव्हता, तरी आपल्यासोबत अजून माणसं आहेत या नुसत्या समजुतीने त्याचा जोर कमी झाला.

हे वाचल्यावर लगेच 'लोक आळशी असतात' असा निष्कर्ष काढणारे खूप भेटतात आणि मला ते पटत नाही. मी पाहिलेल्या टीम्समध्ये खरोखर कामचुकार माणूस एखादाच असायचा. बाकीचे चांगले, मन लावून काम करणारे, पण ज्या कामावर दोघांची नावं असतात ते काम दोघांपैकी प्रत्येकाला 'दुसरा बघतोय' असं वाटत राहतं. मेल सगळ्यांना गेलेला असतो, सगळ्यांनी वाचलेला असतो, आणि उत्तर कुणीच दिलेलं नसतं. क्लायंटचा फोन येतो तेव्हा जो तो मनापासून सांगतो की मला वाटलं तू केलंस. यात कुणी खोटं बोलत नाही, सगळ्यांना खरंच तसं वाटलेलं असतं, आणि म्हणूनच हा तोटा पकडायला अवघड आहे. टीम चांगली असेल, एकमेकांवर विश्वास असेल, तर तो उलट वाढतो, कारण दुसरा करेल याची खात्री जास्त असते. यावर मला तरी एकच उपाय कामाला आलेला दिसलाय, तो म्हणजे प्रत्येक तुकड्यावर एकाच माणसाचं नाव. मदत दहा जणांनी करावी, पण ते काम राहिलं तर रात्री झोप कुणाची उडणार हे सगळ्यांना माहीत असावं.

दुसरी गोष्ट बोलण्याच्या खर्चाची. दोन माणसं असली की बोलण्याची वाट एक, पाच असली की दहा, आणि दहा झाली की पंचेचाळीस. माणसं दुप्पट आणि वाटा साडेचार पट. फ्रेड ब्रूक्सने आयबीएमच्या ओएस/३६० या अवाढव्य सॉफ्टवेअर प्रोजेक्टचं काम सांभाळलं होतं, त्याने १९७५ मध्ये लिहून ठेवलं की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर अजून माणसं घातली की त्याला आणखी उशीर होतो. हे इतक्या लोकांना पाठ आहे आणि तरी डेडलाइन हुकायला लागली की पहिला उपाय तोच निघतो, अजून दोन रिसोर्स देतो, बघा होतंय का. मग जे दोघं आधीच अडकलेले असतात त्यांनीच नव्यांना केटी (नॉलेज ट्रान्सफर, कामाची माहिती) द्यायची, म्हणजे काम करणारे हात शिकवण्यात जातात, नवीन माणूस बिचारा पहिले काही दिवस कुठली फाइल कुठे आहे एवढंच विचारत राहतो, आणि मॅनेजरच्या शीटवर मात्र टीम मोठी झालेली दिसते. (माणसाला रिसोर्स म्हणणं मला कधीच आवडलं नाही. दोन रिसोर्स दिले की काम दुप्पट होईल असा हिशोब मनात येतो तो त्यामुळेच, असं मला वाटतं.)

मीटिंगमध्ये बसून आयडिया काढायच्या हाही एक असाच लाडका कार्यक्रम आहे. १९५८ मध्ये येल विद्यापीठात चौघांचे गट एकत्र बसवून त्यांच्या कल्पना मोजल्या आणि दुसरीकडे चौघांना वेगवेगळं बसवून त्यांच्या कल्पना एकत्र केल्या, तर वेगवेगळं बसलेल्यांच्या कल्पना जास्त निघाल्या. कारण साधं आहे, एक बोलत असताना बाकीचे ऐकतात, ऐकता ऐकता स्वतःचं विसरतात किंवा आधीच्याचीच री ओढतात. त्यामुळे आमच्याकडे आता आधी सगळे आपापलं लिहून आणतात आणि मग बसतो. पहिल्यांदा लोकांना हे शाळेच्या गृहपाठासारखं वाटलं, पण एरवी मीटिंगमध्ये तोंड न उघडणाऱ्यांच्या कागदावर जे निघालं ते बघितल्यावर कुणी तक्रार केली नाही.

इथपर्यंत वाचून असं वाटेल की मी टीमच्या विरोधात आहे. अजिबात नाही. एकट्याच्या डोक्यात जे मावत नाही, एकट्याला जे दिसत नाही, ते टीममध्ये दिसतं आणि याला दुसरा कुठलाच पर्याय नाही. फक्त ते आपोआप दिसत नाही, आणि मला जे सांगायचंय ते इथेच आहे.

एका ठिकाणी बिलिंगची जुनी सिस्टीम बंद करून नवीन आणायचं काम होतं. डेव्हलपर, टेस्टर, ऑपरेशन्सचे लोक आणि अकाउंट्समधल्या एक सीनियर मॅडम. मॅडम प्रत्येक मीटिंगला वेळेवर यायच्या, वहीत लिहून घ्यायच्या आणि काही न बोलता जायच्या. गो-लाइव्हच्या, म्हणजे नवीन सिस्टीम चालू करायच्या, आधीच्या मीटिंगमध्ये आमच्या लीडने एक वेगळीच गोष्ट केली, 'कुणाला काही शंका?' असं हवेत न विचारता तो एकेकाचं नाव घेऊन विचारत गेला, की या कामातली अशी कुठली गोष्ट आहे जी इथे फक्त तुम्हालाच माहीत असेल? मॅडमची पाळी आली तेव्हा त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, काही जुन्या ग्राहकांची दोन-दोन खाती आहेत, पत्ता बदलला तेव्हा जुनं बंद करून नवीन खातं उघडलं पण त्यांचा अ‍ॅडव्हान्स जुन्या खात्यावरच राहिला, दर महिन्याअखेर तो मी हाताने वळता करते. खोलीत एकदम शांतता. कारण बंद खाती नवीन सिस्टीममध्ये आणायचीच नाहीत असं आमचं कधीच ठरलं होतं, त्यावर सगळ्यांच्या सह्या होत्या. म्हणजे त्या सगळ्या लोकांचे भरलेले पैसे नवीन सिस्टीमला माहीतच नसते.

कुणीतरी विचारलं, मॅडम, आधी का नाही बोललात? त्या म्हणाल्या, "अहो, मला वाटलं तुम्हाला माहीतच असणार. आणि मला कुणी विचारलं नव्हतं."

हे मॅडमच्या स्वभावामुळे झालं असं समजणं सोपं आहे, पण माणसांच्या गटात हे सर्रास होतं. १९८५ मध्ये गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या दोघांनी चौघाचौघांचे गट करून त्यांना तीन काल्पनिक उमेदवारांतून एक निवडायला सांगितलं. काही माहिती चौघांनाही दिली होती आणि काही प्रत्येकाला वेगळी, आणि सगळी एकत्र केली तर कुठला उमेदवार सर्वांत चांगला ते स्पष्ट दिसावं अशी ती वाटणी होती. पण गट चर्चेला बसले की सगळ्यांना आधीच माहीत असलेल्या गोष्टींवरच बोलत राहिले, एकट्यापाशी असलेली माहिती टेबलावर आलीच नाही किंवा आली तरी मागे पडली, आणि बहुतेक गटांनी चुकीचा उमेदवार निवडला. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं, कारण टीम बनवायचं कारणच मुळात हे आहे ना, की प्रत्येकाला काहीतरी वेगळं माहितीय. आणि आपण तासभर बसून जे सगळ्यांना ठाऊक आहे तेच एकमेकांना सांगतो, सगळ्यांच्या माना हलतात, छान वाटतं, आणि मीटिंगच्या मिनिट्समध्ये, म्हणजे इतिवृत्तात, लिहितो 'सर्वानुमते'.

विमान उडवणाऱ्यांना हे फार मोठी किंमत देऊन शिकावं लागलं. २८ डिसेंबर १९७८ ला युनायटेड एअरलाइन्सचं १७३ क्रमांकाचं विमान पोर्टलंडला उतरायच्या आधी चाकांमध्ये काहीतरी बिघाड दिसला म्हणून जवळपास तासभर घिरट्या घालत राहिलं. कॅप्टन त्या बिघाडात गुंतलेला, इंधन संपत आलंय याची जाणीव कॉकपिटमधल्या बाकीच्यांना होत होती, ते बोलतही होते पण अर्धवट, आडून आडून, कॅप्टनला ठामपणे थांबवेल असं नाही. शेवटी इंधन संपून विमान पडलं आणि १८९ पैकी १० माणसं गेली. प्रशिक्षित अशी तीन माणसं कॉकपिटमध्ये होती, मोजणारा काटा समोर होता, तरीही. त्यानंतर नासाने १९७९ मध्ये या विषयावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ पासून युनायटेडने आपल्या वैमानिकांना वेगळं ट्रेनिंग द्यायला सुरुवात केली, ज्यात कनिष्ठाने स्पष्ट कसं बोलायचं आणि वरिष्ठाने ते कसं ऐकायचं हे शिकवलं जाऊ लागलं.

त्याच कंपनीचं २३२ क्रमांकाचं विमान, १९ जुलै १९८९. शेपटीतलं इंजिन फुटलं आणि विमान वळवण्याची सगळी हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाली. असं काही झालं तर काय करायचं हे मॅन्युअलमध्ये नव्हतंच, कारण असं होईल असं कुणाला वाटलं नव्हतं. कॅप्टन अ‍ॅल हेन्सने त्यावेळी प्रवासी म्हणून बसलेल्या दुसऱ्या एका प्रशिक्षक वैमानिकाची मदत घेतली, तो कॉकपिटमध्ये येऊन उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करत विमान सांभाळत राहिला, बाकीचे आपापलं काम करत बोलत राहिले, आणि त्यांनी ते सू सिटीला धावपट्टीपर्यंत आणलं. विमान कोसळलं, ११२ जण गेले, पण २९६ पैकी १८४ वाचले. हेन्स पुढे आयुष्यभर सांगत राहिला की त्या ट्रेनिंगशिवाय हे शक्य नव्हतं, चौघांपैकी कुणालाच त्या परिस्थितीत विमान कसं उडवायचं हे माहीत नव्हतं, मग एकट्या कॅप्टनलाच ते कळेल असं का मानायचं. माझ्या मते टीमवर्क म्हणजे काय ते इतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे सापडत नाही.

आपल्या ऑफिसात जीव जात नाहीत हे खरं. पण बोलू की नको ही घालमेल तीच असते. एमी एडमंडसन नावाच्या संशोधिकेने नव्वदच्या दशकात हॉस्पिटलच्या वेगवेगळ्या विभागांत औषधं देताना होणाऱ्या चुका मोजल्या, तिची अपेक्षा होती की चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील, आणि आकडे आले उलटे, चांगल्या टीममध्ये जास्त चुका नोंदलेल्या. खोलात गेल्यावर कळलं की तिथे लोक चुका लपवत नव्हते. म्हणजे ज्या टीमचा रिपोर्ट एकदम स्वच्छ, सगळे टास्क हिरवे, कुठलाच ब्लॉकर (काम अडवणारी अडचण) नाही, त्या टीमची मला आता जास्त काळजी वाटते. आणि यासाठी फार काही भारी करावं लागतं असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ऑपरेशन थिएटरसाठी १९ मुद्द्यांची एक चेकलिस्ट केली, त्यात टीममधल्या प्रत्येकाने सुरुवातीला आपलं नाव आणि काम सांगायचं असा एक मुद्दा आहे. आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत ती वापरून बघितली, २००९ मध्ये निकाल आले, ऑपरेशननंतरच्या मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं होतं. सगळं श्रेय नाव सांगण्याला नाही हे मला कळतं, बाकी अठरा मुद्दे आहेतच, पण ज्याने सुरुवातीलाच एकदा तोंड उघडलं त्याला पुढे गरज पडल्यावर बोलणं सोपं जातं, हे मी आमच्या अगदी साध्या मीटिंगांतही बघितलंय.

एक फायदा असाही आहे जो कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही. माझी आई आजारी होती तेव्हा मी प्रोजेक्टच्या ऐन डिलिव्हरीच्या वेळी काम टाकून निघाले होते आणि टीमने ते उचललं, मला एकही फोन आला नाही, नंतर कळलं की फोन करायचा नाही असं त्यांनी आपसात ठरवलं होतं. एकट्याने सांभाळलेल्या कामात ही सोय नसते. तिथे माणूस आजारी पडला की काम पडतं, आणि म्हणून तो आजारीच पडू शकत नाही. नवीन मुलं टीममध्ये बाजूला बसून जे शिकतात तेही असंच, कुठल्या कोर्समध्ये मिळत नाही, क्लायंट चिडलेला असताना समोरची ताई फोनवर कशी बोलली हे ऐकूनच येतं.

पण याची दुसरी बाजूही सांगायलाच हवी, कारण त्या बाजूला माझ्या ओळखीची फार चांगली माणसं थकून गेलीत. प्रत्येक टीममध्ये एक जण असतो जो राहिलेलं उचलतो. कुणी सांगितलेलं नसतं, पण मिनिट्स तोच लिहितो, फॉलोअप तोच करतो, दोन लोकांचं वाजलं की मध्ये तोच पडतो, नवीन मुलाला तोच समजावून सांगतो. त्याच्या नावावर स्वतःचे टास्कही असतातच. त्याच्यामुळे प्रोजेक्ट चालतो आणि वर्षाच्या शेवटी त्याच्याच फॉर्मवर लिहिलं जातं की अजून पुढाकार घ्यायला हवा, कारण मोजण्यासारखं काम त्याच्या नावावर कमी दिसतं. १९७९ मध्ये मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं होतं की घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती, आणि बहुतेक जोडप्यांत दोघांच्या उत्तरांची बेरीज शंभराच्या वर गेली. जो तो प्रामाणिकच होता, फक्त स्वतः केलेलं आपल्याला आठवतं आणि दुसऱ्याने केलेलं बऱ्याचदा दिसलेलंच नसतं. दहा जणांच्या टीममध्ये ही बेरीज कुठे जात असेल! आणि हा जो राहिलेलं उचलणारा असतो, त्याचं काम तर दिसण्यासारखं नसतंच, ते नीट झालं की काही घडतच नाही. असा माणूस एक दिवस नोटीस देतो, सगळ्यांना धक्का बसतो, दोन आठवड्यांत केटी उरकायची असं ठरतं, आणि काय काय विचारून घ्यायचं हेच कुणाला सुचत नाही कारण तो काय काय करायचा हे कुणी लिहूनच ठेवलेलं नसतं.

यावर आम्ही एक करायला लागलोय. प्रोजेक्ट संपला की शेवटच्या मीटिंगमध्ये प्रत्येकाने स्वतःबद्दल काही सांगायचं नाही, दुसऱ्या कुणीतरी केलेलं एक असं काम सांगायचं जे शीटवर कुठे नाही. पहिल्या वेळी लोक अवघडले, हसले, मग एकाने सांगितलं की टेस्टिंगमधली अमुक मुलगी रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन रात्रीचे एरर बघून ठेवायची म्हणून आपला अर्धा दिवस वाचायचा, आणि आमच्यातल्या निम्म्या लोकांना हे पहिल्यांदाच कळत होतं. तिच्या मॅनेजरलाही. त्याने ते लिहून घेतलं, पण अप्रेझलच्या फॉर्ममध्ये ते टाकायला रकाना नव्हता, 'इतर' मध्ये दोन ओळी बसल्या तेवढ्याच. तो रकाना हवा म्हणून मी एचआरला मेल केलाय, एकदा फॉलोअपही झालाय, पुढच्या अप्रेझल सायकलच्या आधी बघतो म्हणालेत. त्या मेलवर मी एकटीचंच नाव टाकलंय.